अध्ययन अक्षमतेची चाचणी: कुठलं पाऊल आधी, कुठलं नंतर

दर वर्षी डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. ‘बाई, मुलगा दहावीत आहे, एलडीचं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं) सर्टिफिकेट पंधरा दिवसांत कुठे मिळेल?’ पंधरा दिवसांत ते कुठेच मिळत नाही. ज्यांना मिळतं, त्यांच्या हातात कागद येतो, पण मुलाचं नेमकं कुठे अडतं ते घरात कुणालाच कळलेलं नसतं. विशेष शिक्षिका म्हणून मी असे बरेच अहवाल वाचते. त्यातले निम्मे बिघडतात ते चाचणीत नाही, चाचणीच्या आधी. म्हणून हा लेख तयारीवर जास्त आणि चाचणीवर कमी आहे. तो मुख्यतः शाळकरी मुलांसाठी आहे. मोठ्या माणसांच्या एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आणि ऑटिझम यांच्या चाचणीबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

‘मुलाची टेस्ट करायची आहे’ हा प्रश्न झाला नाही. पाचवीतल्या मुलीला वाचायला वेळ का लागतो? तोंडी सगळं सांगणारा मुलगा पेपर कोरा का देतो? वर्गात बसत नाही, तसा घरी टीव्हीसमोर तरी बसतो का? असा एखादा प्रश्न एका ओळीत लिहून काढा. मानसशास्त्रज्ञ त्यावरूनच चाचण्या निवडतात. प्रश्न नसला की ‘फुल पॅकेज’ लावलं जातं. मुलाचे सहा तास जातात, तुमचे पैसे जातात आणि अहवालात सगळ्याबद्दल थोडं थोडं लिहून येतं.

तुम्हाला नक्की काय हवं आहे, तेही याच वेळी ठरवा. मुलाला शिकवायचं कसं हे कळण्यासाठी लागतो तो सविस्तर अहवाल. बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळण्यासाठी लागतं ते मान्यताप्राप्त सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र. पुढे प्रवेशातलं किंवा नोकरीतलं आरक्षण हवं असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. हे तीन वेगळे कागद आहेत, त्यांच्या खिडक्याही वेगळ्या आहेत. खासगी अहवाल घेऊन बोर्डाकडे जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

टप्पा २: पंधरा दिवस वही तपासा

दवाखान्यात ‘लिहिताना खूप चुका करतो’ असं सांगून काही कळत नाही. चूक कुठल्या जातीची आहे ते बघावं लागतं.

एक उदाहरण देते. माझ्याकडे आलेल्या चौथीतल्या एका मुलाची शुद्धलेखनाची वही समोर ठेवली होती. ‘पाणी’चं त्यानं ‘पाणि’ केलं होतं आणि वडिलांनी त्यावर लाल गोल केला होता. ही चूक आपल्यातले निम्मे मोठेही करतात, तिला काही अर्थ नाही. पण त्याच पानावर ‘विमान’चं ‘वमान’ झालं होतं, ‘घर’चं ‘धर’, ‘शर्ट’चं ‘शट्र’. वडिलांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ‘घ’ आणि ‘ध’ दिसायला सारखे. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफार ऐकू येतो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. देवनागरीत अक्षरं सारखी दिसतात किंवा ध्वनी आणि चिन्ह यांची जागा जुळत नाही, नेमकं तिथे हे मूल अडत होतं. तिसरी-चौथीनंतरही घ-ध, भ-म, थ-य यांची गल्लत, गळलेल्या मात्रा, सुटी झालेली जोडाक्षरं असं रोजच्या रोज दिसत असेल तर ती पानं जपून ठेवा.

गणितात उलट सांभाळायचं असतं. मूल पंचविसाचे ५२ लिहितं म्हणून घाबरू नका. मराठीत आपण पाच आधी म्हणतो आणि वीस मागाहून. ऐकलं तसं लिहिलं की आकडे फिरतात. याच अडचणीपायी २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली होती आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. पहिली-दुसरीत ही गडबड चालायचीच. पाचवीतही चालू असेल, हातच्याची बेरीज जमत नसेल, लहान-मोठी संख्या ओळखता येत नसेल, तर मात्र नोंद करा.

वहीसोबत पंधरा दिवसांचं टिपणही ठेवा. गृहपाठाला किती वेळ लागला, कुठल्या विषयाला रडारड झाली, झोप किती झाली, शाळेतून कधी पोट दुखतं म्हणून फोन आला. वर्गशिक्षिकेकडून अर्ध्या पानाचं पत्र घ्या. ‘अभ्यासात कमी आहे’ एवढंच लिहून आलं तर परत पाठवा आणि विचारा: तोंडी उत्तरं कशी देतो? फळ्यावरून उतरवायला किती वेळ लागतो? हे कधीपासून दिसतंय?

सावधान: चाचणीसाठी फेअर केलेल्या वह्या नेऊ नका. आईनं खोडरबर लावून सुंदर केलेली वही मुलाचं काम बिघडवते. खाडाखोड, अर्धवट सोडलेली पानं, कोरे पेपर, सगळं तसंच न्या.

आणखी एक गोष्ट तपासा. या मुलाला शिकायला पुरेशी संधी मिळाली होती का? जून २०२० मध्ये जी मुलं पहिलीत गेली, त्यांची अक्षरओळख मोबाइलच्या पडद्यावर झाली किंवा झालीच नाही. गावं बदलली, माध्यम बदललं, वर्षभर शाळा बुडाली, हे आधीच सांगा. न शिकवल्यामुळे न येणं आणि शिकवूनही न येणं यांत फरक आहे, आणि अध्ययन अक्षमता म्हणजे दुसरं.

टप्पा ३: आधी डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ

हा टप्पा गाळून लोक थेट आयक्यू टेस्टला जातात. मग तिथून परत पाठवतात आणि एक महिना वाया जातो. सरकारी रुग्णालयात तर याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

डोळ्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडेच करून घ्या, शाळेतल्या शिबिरातली धरू नका. कानांसाठी ऑडिओमेट्री करा. सर्दीनं कानात पाणी साचणाऱ्या मुलाला ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक महिनोन् महिने नीट ऐकू येत नाही आणि घरात ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. बालरोगतज्ज्ञांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. मूल रात्री घोरतं का? टॉन्सिल-ॲडेनॉइड्समुळे झोपमोड होणारी मुलं दिवसा अगदी एडीएचडीसारखी वागतात. आणि बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघत राहतं का? तसं असेल तर ते स्वप्नाळूपण म्हणून सोडून देऊ नका, फीट्सचा एक प्रकार असाही असतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड वगैरे तपासण्या डॉक्टर ठरवतील.

तपासा: नेत्र आणि कान तपासणीचे कागद सहा महिन्यांच्या आतले आहेत ना? चष्मा लागला असेल तर तो महिनाभर वापरून झाल्यावरच पुढची तारीख घ्या.

टप्पा ४: माणूस निवडा, जाहिरात नाही

निदान करण्याचा अधिकार समुपदेशनाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या व्यक्तीला नसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का हे विचारा आणि नोंदणी क्रमांक मागा. विचारताना संकोच वाटायचं कारण नाही, चांगली माणसं स्वतःहून सांगतात. वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी बहुधा विशेष शिक्षक घेतात. एडीएचडीचं औषध फक्त डॉक्टर देतात, मानसशास्त्रज्ञ देत नाहीत.

तारीख घेण्याआधी फोनवर विचारा: किती बैठका होतील? कुठल्या चाचण्या? चाचणी कुठल्या भाषेत? अहवाल समजावून सांगायला वेगळी बैठक मिळेल का आणि ती फीमध्ये धरली आहे का? शेवटचा प्रश्न टाळणाऱ्यांकडे मी तरी जाणार नाही.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे फार नाजूक आहे. घरी मराठी, शाळा इंग्रजी, शिकवणीवाल्या बाई हिंदी, अशा मुलाची चाचणी नुसती इंग्रजीत घेतली तर त्याचं इंग्रजी मोजलं जातं, बुद्धी नाही. मूल विचार कुठल्या भाषेत करतं ते तुम्ही सांगा. सूचना मराठीतून देणारी व्यक्ती मिळवा, आणि वाचन-लेखन दोन्ही भाषांत तपासायला सांगा. खरी अध्ययन अक्षमता सहसा दोन्हीकडे कुठे ना कुठे डोकावते. मराठीत सरळ वाचणारं आणि इंग्रजीत गडबडणारं मूल बऱ्याचदा फक्त इंग्रजीत कच्चं असतं.

सावधान: बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी डीएमआयटी शाळांच्या पालकसभेतही विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. डोळे बांधून वाचायला शिकवणारं मिडब्रेन ॲक्टिव्हेशनही त्याच माळेचा मणी. ऑनलाइन दहा प्रश्नांतून मिळालेला आयक्यूसुद्धा कुठेही ग्राह्य धरत नाहीत.

टप्पा ५: मुलाला खरं सांगा, तयारी करून घेऊ नका

‘डॉक्टरकाकांकडे खेळायला जायचंय’ असं सांगून आणलेलं मूल दुसऱ्या तासाला फसवलं गेल्याच्या नजरेनं बघतं. मुलाला सांगायचं: ‘तुला वाचायला इतका त्रास का होतो ते शोधायचंय. काही सोपं असेल, काही येणार नाही. पास-नापास नाही. आम्ही बाहेर बसू.’ एवढं पुरतं.

आदल्या रात्री वेळेवर झोप, सकाळी पोटभर नाश्ता, चष्मा, पाण्याची बाटली, मधल्या सुट्टीचा डबा. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. एडीएचडीचं औषध चालू असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका, आणि दिलं असेल तर तसं सांगा.

चाचणीचा सराव मात्र चुकूनही करून घेऊ नका. इंटरनेटवर ठोकळ्यांची कोडी, अंक उलटे म्हणायचे खेळ मिळतात. एक आई मुलाकडून ते आठवडाभर घोकून घेऊन आली होती. मुलगा पहिल्याच ठोकळ्याला म्हणाला, ‘हे तर आपण घरी केलं.’ चाचणी तिथेच थांबवावी लागली आणि दुसरी निवडावी लागली. याच कारणासाठी तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा देऊ नये. आधी कुठेही चाचणी झाली असेल तर लपवू नका.

टप्पा ६: चाचणीच्या दिवशी

बहुतेक ठिकाणी पहिली बैठक पालकांची असते. गरोदरपण, बाळंतपण, मूल कधी बोललं, कधी चाललं, घरात आणखी कुणाला लिहिण्या-वाचण्याचा त्रास होता का, हे सगळं विचारतात. ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ असं उत्तर ऐकल्यावर दहा मिनिटांनी बाबा हळूच सांगतात की त्यांनाही दहावीपर्यंत वाचायचा कंटाळा होता. ते आधीच सांगा. हे पुष्कळदा घराण्यात चालत आलेलं असतं.

मग मुलाची बुद्धिमापन चाचणी. आपल्याकडे मिसिक किंवा बिने-कामत वापरतात, काही ठिकाणी वेक्स्लरच्या चाचणीची भारतीय आवृत्ती. मिसिक नागपूरच्या माळीन यांनी बेतलेली, सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. बिने-कामतचं मूळ १९३० च्या दशकातलं, आणि ती घडली तीच मराठी-कानडी मुलांवर. दोन्हींचे निकष जुने आहेत, त्यामुळे आजच्या मुलांचे आकडे त्यांत थोडे फुगलेले येऊ शकतात. आकडा वाचताना हे ध्यानात असू द्या. बुद्धिमापनानंतर वाचन, श्रुतलेखन, स्वतःच्या मनानं लेखन, गणित. अध्ययन अक्षमतेसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच देशभर वापरला जातो. गरजेप्रमाणे लक्ष, चिंता, मनःस्थिती यांच्या प्रश्नावल्या.

प्रश्नावलीत एक फसगत होते. आई आणि शिक्षिका दोघींना वेगवेगळी भरायला देतात ते मुद्दाम. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात आणि किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. शिक्षिकेनं भरलेलं वाचून तुमचं जुळवून घेतलंत, तर घरी दिसत नाही पण शाळेत दिसतं ही मोलाची माहिती बुडाली. शाळेत कुणी छळत असेल तर तेही तिथूनच कळतं.

टप्पा ७: अहवाल घेताना खिडकीतून परत फिरू नका

सगळ्यात आधी पहिलं पान. नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे का, आणि जन्मतारीख. जन्मतारीख चुकली तर नुसता कागद चुकत नाही, आकडेच चुकतात. मुलाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशी होत असते. मी एका अहवालात वर्ष एकानं मागे पडलेलं पाहिलं आहे. मूल वयानं मोठं धरलं गेलं आणि आयक्यू उगाचच खाली आला.

आता आकडे. आयक्यूची सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये बसतात. ९८ आणि १०३ यांत फरक शोधू नका. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ‘१६ वा पर्सेंटाइल’ वाचून एका वडिलांनी मुलाला सोळा टक्के मिळाले म्हणून मारलं होतं. त्याचा अर्थ इतकाच की शंभरातली सुमारे सोळा मुलं त्याच्या मागे आहेत, आणि तो आकडा ८५ आयक्यूचा आहे. एकूण आकड्यापेक्षा पोटचाचण्यांतली दरी बघा: तोंडी तर्क उत्तम आणि ऐकलेलं लक्षात ठेवणं कच्चं, असं चित्र असेल तर शिकवायचं कसं ते तिथूनच कळतं.

या टप्प्यावर एक अवघड बोलणं येतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची पुढची चाचणी आयक्यू ८५ च्या वर असेल तर व्हायची. ७० ते ८४ मधली मुलं त्यात बसत नसत. बौद्धिक अक्षमता नाही, अध्ययन अक्षमताही नाही, आणि अभ्यास तर जड जातो. सवलतींच्या बाबतीत सगळ्यात उपेक्षित मुलं हीच. पालक मग ‘नव्वद काढून देणारं’ कुणीतरी शोधत फिरतात. तसं कागदावर झालं तरी मुलाला शिकवायची पद्धत चुकते आणि सरकारी फेरतपासणीत ते उघडं पडतं. त्यापेक्षा उपचारात्मक शिक्षण (रेमेडियल) लगेच सुरू करा, त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

तपासा: अहवालात निदानाखाली शिफारशी आहेत का? ‘रेमेडियल घ्यावे’ ही शिफारस झाली नाही. कशासाठी, आठवड्यातून किती वेळा, वर्गात काय बदल, हे मागून घ्या.

टप्पा ८: प्रमाणपत्र

आठवीत सुरुवात करा. नववीत कागद शाळेकडे हवा.

मुंबईत सायन, नायर, केईएम, पुण्यात ससून, इतरत्र जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. मुख्याध्यापकांच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, मूळ वह्या, आधार, जन्मदाखला, फोटो, डोळे-कानांचे कागद, आधीचा खासगी अहवाल असेल तर तो, असं सगळं एका फायलीत लावा. पहिल्या दिवशी केसपेपर काढून फक्त तारीख मिळते. ती काही महिन्यांनंतरची असू शकते आणि त्यानंतरही चार-पाच खेपा होतात. चाचण्या त्यांच्याकडे पुन्हा होतात. आधीची चाचणी कुठली आणि कधी झाली ते तिथेही सांगा.

प्रमाणपत्र मिळालं की सवलत आपोआप लागत नाही. ते शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातं आणि मंजुरी येते. वाढीव वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, भाषेत सूट यांतलं मुलाला नक्की काय हवं ते आधी ठरवा. लेखनिक मागून घेतला आणि पहिल्यांदा भेटला तो थेट मराठीच्या पेपरला, असं करू नका. उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, नववीच्या घटक चाचण्यांपासून त्याची सवय लावा. गणित सांगणं तर फारच कठीण जातं. ‘कंसात एक्स अधिक दोन, कंस पुरा, वर्ग’ असं बोलून बघा एकदा.

यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर वेगळा अर्ज करायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, ऑटिझम आणि मानसिक आजारही येतात. आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्के अक्षमता लागते. बोर्डाची सवलत आणि हे आरक्षण एकच समजू नका.

मोठ्यांची चाचणी: काय वेगळं

मुलाच्या चाचणीला आलेले आई-बाबा स्वतःचीच लक्षणं वाचून थबकतात, असं हल्ली वारंवार होतं. रील बघून शंका आली म्हणून हसण्यासारखं त्यात काही नाही, पण क्रम इथेही तोच. थायरॉइड, झोप, नैराश्य, चिंता, दारू हे आधी बघून घ्या. एडीएचडीसाठी सतरा वर्षांनंतर नऊपैकी पाच लक्षणं पुरतात, मुलांना सहा लागतात. पण खुणा बारा वर्षांच्या आधीच्या हव्यात. त्यामुळे माळ्यावरची ट्रंक उघडा. जुन्या प्रगतिपुस्तकातला ‘हुशार आहे पण लक्ष नसते’ हा शेरा आज पुरावा असतो. शक्य असेल तर आई, मावशी, मोठा भाऊ, ज्यानं तुम्हाला लहानपणी पाहिलंय, अशा कुणाला बरोबर न्या. ऑटिझमच्या बाबतीत तर बालपणीचं सांगणारं माणूस नसेल तर निदान अर्ध्यावर अडतं. बायकांनी एक गोष्ट मुद्दाम सांगावी: लोकांत नीट वागण्याच्या धडपडीनं घरी आल्यावर किती थकायला होतं. बाहेरून सगळं सुरळीत दिसत असल्यामुळे ते विचारायचं राहून जातं.

सावधान: जीव नकोसा होणं, स्वतःला इजा करावीशी वाटणं असं काही असेल तर चाचणीच्या तारखेची वाट बघू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मूल असं काही बोललं तरी हाच क्रम.

फाइल कशी ठेवायची

मूळ अहवाल आणि मूळ प्रमाणपत्र शाळेला देऊ नका, साक्षांकित प्रत द्या आणि पोच घ्या. मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा, पण कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका, मूल मोठं होऊन तेच वाचणार आहे. २०१८ च्या सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची आणि अठराव्या वर्षीचं कायम राहायचं. नियम मधूनमधून सुधारतात, म्हणून केसपेपर काढतानाच पुढची तारीख आणि तेव्हा लागणारे कागद विचारून फायलीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा.